लेकीचे बिऱ्हाड सिंगापुरात

मैत्रिणींनो, समजा तुम्हाला कुणी एक घर दिले आणि सांगितले, की आजपासून संसार तुमचा तुम्ही बघा. घर म्हणजे नुसत्या चार भिंती. विहीर शेजारच्यांची. परसात भाजीचे आळे नाही, गोठा नाही, सरपणाला झाड नाही. बरे, घरातली माणसे तरी एका वळणाची असावीत! तेही नाही. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, देव वेगळे, जेवण वेगळे. आणि ज्यांच्याबरोबर एकत्र राहायचे ठरले होते, त्यांनी दोन वर्षांतच चूल वेगळी करायला लावलेली. काय कराल?

९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूरवर नेमकी ही वेळ आली. मलेशियापासून तो वेगळा पडला तेव्हा त्याच्याजवळ जमीन होती ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपली बृहन्मुंबईसुद्धा त्याहून थोडी मोठीच. माणशी वर्षाचे उत्पन्न पाचशे-सव्वापाचशे अमेरिकी डॉलर. तेच २०२३ साली ८४ हजार डॉलरांच्या वर गेले होते. (समुद्रात भराव घालघालून जमीनही आता ७३० चौरस किलोमीटरांपुढे गेली आहे!)

अर्थशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण माझी लेक आणि जावई ११ वर्षे तिथे आहेत. मी दोन खेपांना जाऊन राहून आले आहे. आणि गेले वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नाही: तिथले कायमचे रहिवासी व्हायचे की नाही? त्या निमित्ताने हा देश मी एखादी सासू नव्या सुनेचे स्वयंपाकघर बघते तसा, डबे उघडून उघडून बघितला. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी-सुना परमुलखात असतील, म्हणून सांगावेसे वाटले.

आधी पैशाचा डबा. तिथल्या नागरिकाचा पगार हातात पडण्याआधीच त्यातले २० टक्के बाजूला निघतात, आणि मालक आपल्या पदरचे १७ टक्के त्यात घालतो. म्हणजे शंभराच्या पगारामागे ३७ साठले. (५५ वर्षांपर्यंतच्यांसाठी हा दर आहे, पुढे तो उतरत जातो, आणि फार मोठ्या पगारांना वरची मर्यादा आहे.) या साठ्याला सीपीएफ म्हणतात. तो वाटेल तेव्हा मोडता येत नाही. घर, दवाखाना आणि म्हातारपण, मुख्यतः एवढ्यासाठीच. तुम्ही-आम्ही डाळीच्या डब्यात नाहीतर ठेवणीतल्या साडीच्या घडीत नोटा सारून ठेवतो ना, तेच काम तिथे सरकार करते, फक्त डब्याची किल्ली स्वतःच्या कनवटीला ठेवून.

ही सोय मुळात इंग्रजांच्या अमदानीतली, १९५५ सालची. आपल्या प्रॉव्हिडंट फंडासारखीच. पण १९६८ मध्ये नव्या सरकारने तिला एक जोड दिली: या पैशातून सरकारी वसाहतीतले घर विकत घेता येईल. आणि तिथून चित्रच पालटले. त्याआधी लोक राहत कशात? लाकूड-पत्र्याच्या झोपड्यांत. १९६१ च्या मे महिन्यात बुकित हो स्वी नावाच्या वस्तीला आग लागली आणि एका दिवसात सुमारे १६ हजार माणसे उघड्यावर आली. घरबांधणी मंडळ नुकतेच, १९६० साली स्थापन झाले होते. त्याने त्या जागी वर्षभरात बिऱ्हाडे उभी केली. आज तिथल्या दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ आठ जण या मंडळाच्या इमारतींत राहतात, आणि बहुतेक जण भाडेकरू म्हणून नव्हे तर मालकीने. माझी लेकही अशाच एका इमारतीत राहते; अर्थात भाड्याने. तेरावा मजला, खाली लहान मुलांना खेळायला बांधलेली जागा, समोर बसथांबा, दहा मिनिटांवर भाजीबाजार. आमच्या नाशकातल्या कुठल्याही नव्या कॉलनीने येऊन बघावे असे.

पण ‘मालकी’ म्हणजे काय, तेही ऐका. ९९ वर्षांचा पट्टा. ती मुदत सरली की घर सरकारजमा. वडिलोपार्जित वाडा, त्याच्या सात वाटण्या, बारा वर्षे चाललेला दावा आणि आत्याबाईंची न आलेली सही, ही सगळी मौज त्यांच्या नशिबी नाही!

आणि एक गोष्ट, जी तिथल्या कौतुकाच्या लेखांत सहसा वाचायला मिळत नाही. सीपीएफ साठतो तो पगारातून. ज्या बाईने दहा वर्षे पोरे वाढवली, सासूचे आजारपण काढले, तिला पगार नाही, म्हणून तिच्या खात्यात त्या दहा वर्षांचे काहीच नाही. नवऱ्याने बायकोच्या खात्यात आपणहून रक्कम भरली तर ठरावीक मर्यादेपर्यंत त्याला करात सवलत मिळते. पण ‘भरली तर’! इतक्या हिशेबी देशालाही घरकामाचा भाव अजून लावता आलेला नाही, हे बघून मला, खरं सांगू, थोडं हायसंच वाटलं. म्हटलं, चला, एवढ्यापुरते आपण सारख्या.

साठवायचे तर आधी मिळवायला हवे. १९६० च्या सुमारास बेकारी फार होती. संयुक्त राष्ट्रांनी एक पथक पाठवले, त्याचे प्रमुख आल्बर्ट विन्सेमियस नावाचे डच अर्थतज्ज्ञ. हे गृहस्थ पुढे १९८४ पर्यंत सल्लागार म्हणून येत-जात राहिले. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी पश्चिमेकडची जुरोंगची दलदल भरून तिथे कारखान्यांसाठी जागा तयार केली. सुरुवातीला तिथे चिटपाखरू फिरकेना. लोक त्या जागेला ‘गोह यांचा वेडेपणा’ म्हणून हसत. त्यातच १९६८ च्या जानेवारीत ब्रिटनने जाहीर केले, की आपले लष्करी तळ आपण १९७१ पर्यंत उठवणार. त्या तळांवर देशाचे सुमारे एक पंचमांश उत्पन्न अवलंबून होते. म्हणजे घरातल्या मिळवत्या माणसाने तीन वर्षांची नोटीस देऊन घर सोडण्यातलाच प्रकार.

मग त्यांनी काय केले? परदेशी कंपन्यांना पायघड्या घातल्या. त्या काळी आपल्यासकट बहुतेक नवे स्वतंत्र देश परक्या कंपन्यांकडे संशयाने बघत होते. यांनी सांगितले: जागा तयार आहे, वीज-पाणी आहे, पहिली काही वर्षे कर नाही, संप होणार नाहीत, या. त्या आल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या अमेरिकन कंपन्यांनी विजेच्या बारीक सुट्या भागांचे कारखाने काढले, आणि त्यांत कामाला बसल्या त्या बहुतांशी तरुण मुली. झोपडवस्तीतून उठून सरकारी इमारतीत आलेल्या घराला दुसरा पगार मिळाला तो या मुलींचा. त्या देशाच्या भरभराटीची गोष्ट सांगताना ली कुआन यू यांचे नाव पहिले येते, आणि ते यावेच. तीस वर्षांहून अधिक काळ पंतप्रधान होते ते. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आठ-आठ तास तारा जोडणाऱ्या त्या मुलींची आठवण कुणी काढत नाही, म्हणून मी काढली.

‘संप होणार नाहीत’ हे मात्र फुकट मिळालेले नाही. कामगार संघटना सरकारच्या कह्यात आहेत, वर्तमानपत्रे जपून लिहितात, आणि सत्तेवर १९५९ पासून एकच पक्ष आहे. आमच्या ह्यांना ही शिस्त फार आवडते. मला विचाराल तर, घरात कुणी मोठ्याने बोलतच नाही अशा घरी मला जरा अवघडल्यासारखं होतं. तरी एवढे कबूल केले पाहिजे, की ती शिस्त वरच्यांनाही लागू आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात तिथल्या एका माजी मंत्र्याला, पदावर असताना बड्या लोकांकडून भेटवस्तू घेतल्याबद्दल १२ महिन्यांची कैद झाली. भेटवस्तू कसल्या, तर नाटकांची-खेळांची तिकिटे, दारूच्या बाटल्या वगैरे. आपल्याकडे एवढ्याशा गोष्टीची बातमी तरी झाली असती का?

आज बाहेरचा धंदेवाईक माणूस तिथे का जातो, याचे उत्तर जावयाने मला एका दमात सांगितले: कंपन्यांवरचा कर १७ टक्के, कंपनीची नोंदणी झटपट, कोर्टात निकाल लवकर, आणि बंदर. त्या बंदराचा पसारा मी सेंतोसाला जाताना वरून पाहिला. रंगीत ठोकळ्यांचे खेळणे मांडावे तसे कंटेनर, नजर पोचेपर्यंत. २०२४ मध्ये वीस फुटी मापाने ४ कोटी ११ लाख कंटेनर तिथून गेले. जगात फक्त शांघायचे बंदर याहून मोठे. यातले बहुतेक कंटेनर त्या देशाचे नसतातच. एका जहाजातून उतरतात, दुसऱ्यात चढतात. नाक्यावरच्या एखाद्या एसटी स्टँडासारखे समजा: गाव लहान, पण गाड्या बदलायला सगळा तालुका तिथेच येतो.

आता जे थोडे आहे ते ही मंडळी कसे पुरवून वापरतात, ते बघा. हा भाग मला सर्वांत आवडला.

मोटार. तिथे गाडी घ्यायची तर आधी गाडी बाळगायचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. १९९० पासून ही पद्धत आहे, आणि परवाना चालतो दहाच वर्षे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाडीच्या परवान्याची बोली १,५०,००१ सिंगापूर डॉलरवर गेली. रुपयांत तेव्हाच्या भावाने नव्वद लाखांच्या आसपास. गाडी त्यात नाही हं! हा नुसता कागद. म्हणून जावयाचे साहेबसुद्धा आगगाडीने येतात. बरे, पुलापलीकडे मलेशियात पेट्रोल स्वस्त मिळते, तर तिथे जाऊन भरून आणावे म्हणाल, तेही जमत नाही. सिंगापूरची गाडी सरहद्द ओलांडताना तिची टाकी निदान पाऊण भरलेली असलीच पाहिजे, नाहीतर दंड. हा नियम ज्याने काढला तो कुणी सरकारी अंमलदार असेलही, पण त्याला वळण लावणारी आई खमकी असली पाहिजे.

पाणी. १९६२ च्या करारानुसार पलीकडच्या जोहोरमधून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत कच्चे पाणी घेता येते, हजार गॅलनला ३ मलेशियन सेंट या भावाने. मुदत २०६१ पर्यंत. दर ठरलेला असला तरी शेजाऱ्याशी वाजले की पाण्याचा विषय निघणारच. म्हणून यांनी आपल्या पाण्याच्या वाटा वाढवल्या. पावसाचे पाणी तळ्यांत साठवतात, समुद्राचे पाणी गोडे करतात, आणि २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. त्याला ‘न्यूवॉटर’ असे छान नाव दिले आहे. ते बरेचसे कारखान्यांना जाते. थोडे तळ्यांत सोडतात आणि तिथून ते पुन्हा शुद्ध होऊन नळाला येते. माझे नाक मुरडलेले बघून लेक म्हणाली, “आई, आपल्या मोरीचं पाणी अळूला सोडायचीस, आणि त्याच अळूचं फदफदं आम्हाला वाढायचीस, ते?” यावर मी काय बोलणार!

खाणे. नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते. त्यामुळे दुसऱ्याच्या घरात काय शिजते याकडे यांचा सतत कान असतो. १ जून २०२२ ला मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली, तर तिथल्या गाड्या-टपऱ्यांवरचा चिकन-राइस हा रोजचा पदार्थ अडचणीत आला. जुलै २०२३ मध्ये आपल्या सरकारने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा सिंगापूरने लगेच शब्द टाकला, आणि ऑगस्टअखेर ५० हजार टनांची खास परवानगी मिळवली. तांदूळ आयात करणाऱ्या व्यापाऱ्याने तिथे महिन्याच्या आयातीच्या दुप्पट साठा कायम ठेवायचा असा नियमच आहे. त्याच डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली. तेव्हा आमच्याकडे निफाड-लासलगावला शेतकरी रस्त्यावर उतरले होते, माझ्या दीरांचा कांदा चाळीतच पडून होता, आणि लेक फोनवर विचारत होती, “आई, कांदा एवढा का गं महागला?” एकाच घरातली दोन माणसे एकाच कांद्यासाठी दोन्ही बाजूंनी रडत होती.

मात्र तिथे बाहेरचे जेवण अजूनही परवडते. १९७० च्या सुमारास रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना हुसकून न लावता त्यांना ओटे, नळ आणि मोरी असलेल्या पक्क्या बाजारांत बसवले. असे शंभराहून अधिक बाजार आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने तिथल्या या खाद्यसंस्कृतीची मानवी वारशाच्या यादीत नोंद केली. दोघेही नोकरी करणारी कुटुंबे संध्याकाळी तिथेच जेवतात आणि रिकाम्या हातांनी घरी जातात. भांडी नाहीत, ओटा पुसणे नाही. पहिल्या आठवड्यात मी नाके मुरडली, तिसऱ्या आठवड्यात मीच “आज खालीच जाऊ या का गं?” म्हणायला लागले.

इथवर सगळे नेटके आहे. आता माणसांचा डबा उघडते.

दोघे नोकरीला, तर पोरे कोण सांभाळते? फिलिपिन्स, इंडोनेशिया, म्यानमारहून आलेल्या बाया. २०२४ मध्ये त्यांची संख्या सुमारे ३ लाख होती. मालकाने बाईच्या पगाराखेरीज सरकारला दरमहा ३०० डॉलर कर भरायचा. घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर ६०. बाईची दर सहा महिन्यांनी तपासणी होते, तीत दिवस गेलेत का हेही बघतात. गेले असतील तर परत पाठवणी. आठवड्याची सुट्टी कायद्याने आली ती २०१३ मध्ये, तीही पैसे देऊन टाळता येत असे. २०२३ पासून महिन्यातला निदान एक दिवस तरी खराखुरा द्यावाच लागतो. लेकीच्या शेजारच्या घरी अशी एक बाई आहे. मला बघून हसते. तिची स्वतःची दोन मुले गावी आजीजवळ आहेत. रविवारी ऑर्चर्ड रोडवर या बाया पदपथावर पुठ्ठे अंथरून बसलेल्या दिसतात. डबे उघडलेले, एकमेकींच्या वेण्या घालणे चाललेले, फोनवर मुलांशी बोलणे. मागे झगझगीत दुकाने.

आणि ही घरे, पूल, बोगदे बांधणारे मजूर? आपल्या तामिळनाडूचे, बांगलादेशचे. उघड्या लॉरीच्या हौद्यात बसून कामावर जातात. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा त्या देशातले बहुसंख्य रुग्ण या मजुरांच्या वसतिगृहांतले निघाले. एकेका खोलीत दहा-बारा खाटा होत्या. इतक्या चोख घराच्या माळ्यावर काय ठेवलेले होते, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

माझ्या लेकीची गत अर्थातच तशी नाही. जावई शिकलेला, पगार चांगला. पण तिथल्या वहीत माणसांचे रकाने आहेत: नागरिक, कायमचे रहिवासी आणि पासवाले. आमची मंडळी तिसऱ्या रकान्यात. जावयाची नोकरी हाच पास. नोकरी गेली तर साधारण ३० दिवसांत दुसरी बघायची नाहीतर सामान बांधायचे, शाळेच्या मधल्या सत्रातसुद्धा. पासवाल्यांना सीपीएफ नाही. पगार सगळा हातात येतो, आणि हीच गोम आहे. हातात आलेला सगळा पैसा आपलाच वाटतो. नातवाची शाळेची फी नागरिकांच्या मुलांच्या कितीतरी पट. आणि लेक? ती बी.कॉम. आहे. एका लहानशा हिशेबनिसाच्या कचेरीत पाच वर्षे कामाला होती. नवऱ्याच्या पासावर राहणाऱ्या बायकांना तेव्हा साध्या संमतिपत्रावर नोकरी करता येई. १ मे २०२१ पासून नियम बदलला. अशा बाईसाठी मालकाने स्वतंत्र वर्क पास काढायचा, त्याला पगाराच्या आणि संख्येच्या अटी. तिचे पत्र २०२२ मध्ये संपले, आणि त्या छोट्या कचेरीला ते झेपले नाही. तेव्हापासून ती घरी आहे. फोनवर म्हणते, “मजेत आहे गं.” आईला हा स्वर ओळखू येतो.

कायमचे रहिवासी झाले तर हे सगळे सुटते. ती कुठेही नोकरी करू शकेल. स्वतःचा सीपीएफ सुरू होईल. तीन वर्षांनी मंडळाचे जुने घर विकत घेता येईल. पासपोर्ट भारताचाच राहील.

मग अडले कुठे? नातवापाशी. त्या देशात १९६७ पासून मुलग्यांना अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षे लष्करी नोकरी सक्तीची आहे, आणि त्यानंतरही चाळिशीपर्यंत मधून मधून बोलावणे येते. नोकरीच्या जोरावर रहिवासी झालेल्या बापाला यातून सूट आहे. त्याच्याबरोबर रहिवासी झालेल्या मुलाला नाही. तेराव्या वर्षापासून तीन महिने किंवा जास्त देशाबाहेर राहायचे तर त्याला परवानगी काढावी लागेल. नोकरी न करता रहिवास सोडला, तर पुढे तिथे शिकायला-नोकरीला येण्याची वाट अवघड होते. पोरगा नऊ वर्षांचा आहे. अजून झोपताना पांघरूण लाथाडतो.

आमच्याकडे मते अशी आहेत. हे म्हणतात, “दोन वर्षं कवायत केली तर पोरगा सरळच होईल.” विहीणबाई म्हणतात, “दुसऱ्याच्या देशासाठी आपलं पोर बंदूक का धरेल?” तेही खोटे नाही, पासपोर्ट भारताचा आणि गणवेश सिंगापूरचा, हे मला रात्री डोळ्यांपुढे येते. जावई गप्प. आणि लेक म्हणते, “माझ्या नोकरीसाठी त्याची दोन वर्षं देऊ का मी?” यावर मी तिला म्हटले, “अगं, हिशेब असा मांडू नकोस. तुझी तीन वर्षं गेलीच आहेत, ती कुणी कुणाला विचारून दिली होती?” ती बराच वेळ बोलली नाही.

मी लेकीच्या नोकरीच्या बाजूची आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. तुमच्यापैकी काही जणी मला कठोर आजी म्हणतील. म्हणोत. एकीकडे त्या देशाची कुरकूर अशी, की बायका मुले होऊ देत नाहीत. १९७२ मध्ये ‘दोन पुरेत’ म्हणून दंडक घातला, तिसऱ्या बाळंतपणाचे बिल वाढवले. १९८७ मध्ये घूमजाव करून ‘ऐपत असेल तर तीन होऊ द्या’ म्हणाले. पण २०२३ मध्ये बाईमागे मुलांचे प्रमाण ०.९७ वर आले होते, म्हणजे एकाहूनही कमी. पैसे देऊन झाले, रजा देऊन झाल्या. आणि जी बाई मूल घेऊन तिथे राहते आहे, काम करायला तयार आहे, तिला मात्र घरी बसवून ठेवतात. एवढ्या हुशार गृहिणीच्या हातून हा डबा कसा उघडा राहिला, कोण जाणे!

जावयाचा पास पुढच्या जूनमध्ये संपतो. त्याआधी अर्ज भरायचा की नाही, ते ठरेल. भरला तरी मंजूर होतोच असे नाही. तोवर एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली आहे. तिथले सरकार कापत नाही, तर आपण कापायचे. पाडव्यापासून जावयाच्या पगारातला पाचवा हिस्सा पहिल्याच तारखेला बाजूला निघतो आणि लेकीच्या, फक्त लेकीच्या नावाच्या खात्यात जातो. जावयाने एका शब्दाने विरोध केला नाही. उलट बँकेत त्यानेच सगळे लावून दिले. खात्याचा सांकेतिक शब्द त्याला ठाऊक नाही. मलाही सांगू नकोस, असे मी तिला बजावले आहे.